कलगी आणि तुरा : दोन पक्ष आणि त्यांचा रचलेला इतिहास

(१)

दोन पुढाऱ्यांमध्ये शाब्दिक चकमक उडाली की मराठी वृत्तपत्रे ‘कलगीतुरा रंगला’ असा मथळा देतात. हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की कलगी म्हणजे काय, तुरा म्हणजे काय आणि ही दोन नावे नेहमी जोडीनेच का येतात, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. आमच्यापैकी काहीजण हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव येथे मराठी शिकवतात. लोकसाहित्याच्या तासाला हा शब्द निघाला तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांनी त्याचा अर्थ ‘भांडण’ असाच सांगितला. दोन शाहिरी पक्षांची ही नावे आहेत असे सांगितल्यावर मात्र मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आमच्या खेळातही असेच दोन पक्ष आहेत.”

तो खेळ मोबाइलवरचा होता. त्यातले जग परकीय आणि अद्भुत. खेळ बनविणाऱ्यांनी पक्षांना नावे दिली होती, निशाणे दिली होती आणि दोन-चार ओळींची माहिती दिली होती. बाकीचे सारे या मुलांनी स्वतः रचले होते. त्यांच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. तीत दोन्ही पक्षांचे मूळपुरुष होते, त्यांच्या शपथा होत्या, एक जुना विश्वासघात होता, आणि एक नकाशाही होता. नकाशातील सीमेवरच्या नदीला मुलांनी बिनदिक्कत ‘कयाधू’ असे नाव दिले होते. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहत पैनगंगेला मिळणारी आमची कयाधू. वही दाखवून झाल्यावर त्या मुलाने विचारले, “पण हे आम्हीच रचलंय. म्हणजे खोटंच ना, सर?”

त्या दिवशी आम्ही काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले. प्रश्न मात्र मनातून जाईना. एक तर ज्या नदीचे नाव त्याने आपल्या कल्पित राज्याच्या सीमेला दिले, ते नावच मुळी पुराणातले आहे. कयाधू ही हिरण्यकशिपूची राणी, प्रल्हादाची आई. देव आणि दैत्य या दोन पक्षांच्या कथेतले एक नाव कोणीतरी, कधीतरी या नदीला दिले आणि ते टिकले. दुसरे असे की, ज्या कलगी-तुऱ्याविषयी आम्ही वर्गात इतिहास म्हणून बोलत होतो, त्यातला ‘इतिहास’ तरी कोणी रचला? तोही खेळणाऱ्यांनीच. या लेखात आम्हांला त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. सेनगाव हे कलगी-तुऱ्याचे पीठ होते असा आमचा दावा नाही. प्रश्न येथे विचारला गेला, म्हणून उत्तराचा आरंभ येथून.

(२)

कलगी आणि तुरा हे दोन्ही शिरोभूषणाचे प्रकार. पागोट्यावर वा मुकुटावर लावायची पिसांची वा रत्नांची कलगी, आणि जरीचा वा मोत्यांचा लोंबता तुरा. शाहिरांच्या दोन पक्षांनी ही दोन भूषणे आपली खूण म्हणून स्वीकारली आणि आपापल्या डफावर ती मिरवली. पेशवाईच्या उत्तरार्धातील फडांत ही विभागणी चांगलीच रुळलेली दिसते. होनाजी, सगनभाऊ, रामजोशी, परशराम, प्रभाकर ही नावे ज्या काळात गाजली, त्या काळात शाहीर म्हटला की तो कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न त्याच्या वस्तादाच्या नावाबरोबरच विचारला जाई.

पक्षभेदाचे तात्त्विक कारण असे सांगतात : कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला वा मायेला, श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला वा ब्रह्माला, श्रेष्ठ मानतात. विश्व निर्माण झाले ते कोणामुळे? शिव निष्क्रिय आहे, शक्तीवाचून तो हलूही शकत नाही, असे कलगीवाल्याने म्हणावे. शक्तीला आधार कोणाचा, पाण्यावाचून लाट उठेल काय, असे तुरेवाल्याने उलट विचारावे. या वादासाठी जी कवने रचली जात त्यांना भेदिक कवने म्हणतात. ‘भेद’ म्हणजे येथे मर्म, गूढ. प्रतिपक्षाने घातलेले कोडे भेदायचे आणि त्याला आपले कोडे घालायचे.

सामन्याची रीत ठरलेली असे. दोन्ही फड समोरासमोर. डफ, तुणतुणे, झांज. आरंभी नमन, मग एका बाजूने सवाल. सवाल गाण्यातून, आणि जबाबही गाण्यातूनच. शक्य तर त्याच चालीवर आणि त्याच यमकांच्या बंधनात. मागे झीलकरी सूर धरतात, समोर श्रोते बसतात. ज्याला जबाब सुचणार नाही त्याची फजिती होते. रात्र सरते, पण वाद सरत नाही. तमाशातील ‘सवाल-जबाब’ आणि ‘झगडा’ हे भाग याच वादपद्धतीचे नातलग आहेत, आणि १९६४ साली आलेल्या ‘सवाल माझा ऐका!’ या चित्रपटाचे नावही त्याच परंपरेची साक्ष देते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या दोन पक्षांत शिरणारा शाहीर तत्त्वज्ञानाची निवड करून शिरत नसे. त्याचा वस्ताद ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा तो होई. पक्ष आधी लाभे, आणि त्या पक्षाचे तत्त्व मागाहून अंगी बाणे. कोणत्याही खेळात हेच घडते. मूल आधी एका संघात जाऊन बसते आणि मग तो संघच थोर का, याची कारणे शोधू लागते. ही कारणे शोधण्याच्या ओघात मूळपुरुष सापडतात, परंपरा सापडते, पूर्वीच्या काळचे प्रसंग सापडतात. सापडली नाहीत तर ती रचावी लागतात.

(३)

कलगी-तुऱ्याची मूळकथा मेवाड, माळवा, निमाड या प्रदेशांत विशेष सांगितली जाते. तेथे या परंपरेला ‘तुर्रा-कलंगी’ म्हणतात. कथा थोडक्यात अशी : तुकनगीर नावाचा एक गोसावी होता आणि शाह अली नावाचा एक फकीर होता. पहिला शिवाचा उपासक, दुसरा शक्तीचा पक्ष घेणारा. दोघेही कवी. चंदेरीच्या राजाच्या दरबारात दोघांचा काव्यसंवाद झाला. राजा दोघांवर प्रसन्न झाला. त्याने आपल्या मुकुटाचा तुरा काढून तुकनगीराला दिला आणि कलगी काढून शाह अलीला दिली. तेव्हापासून एकाचे अनुयायी तुरेवाले, दुसऱ्याचे कलगीवाले. तुऱ्याचे निशाण भगवे, कलगीचे हिरवे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही कथा पचणे कठीण. कोणता राजा? कोणते वर्ष? चंदेरी हे आजच्या मध्य प्रदेशातील खरेखुरे गाव आहे, साड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याने अनेक राजवटी पाहिल्या आहेत. कथा मात्र राजाच्या वंशाची फारशी फिकीर करीत नाही. तिला हवा असतो एक मुकुट. पुढे मेवाडात ही परंपरा रुजविण्याचे श्रेय सहेडूसिंह आणि हमीद बेग या दोघांना दिले जाते. पुन्हा जोडीच, आणि पुन्हा एक हिंदू व एक मुसलमान. परंपरा आपला विस्तारही आपल्या मूळकथेच्या साच्यातच आठवते, हे यावरून ध्यानात येते.

दस्तऐवज म्हणून ही कथा बाजूला ठेवावी लागेल हे उघड आहे. तशी ती बाजूला ठेवली गेलीही. ऍक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा शाहिरी वाङ्मयाकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहण्याची दृष्टी सुशिक्षितांत रूढ होऊ लागली होती. पोवाड्यात लढाई असते, सरदारांची नावे असतात, किल्ले असतात. तो बखरीच्या शेजारी ठेवता येतो. शिव मोठा की शक्ती मोठी असे विचारणारे भेदिक कवन कोणत्या बखरीच्या शेजारी ठेवणार? त्यामुळे शाहिरीचा हा भाग बराच काळ अभ्यासकांपेक्षा वस्तादांच्या बाडांतच राहिला.

पण ही कथा काय घडले ते सांगत नसेल, तर काय सांगते? आमच्या मते ती खेळाचे नियम सांगते. एकेक तपशील पाहावा. पहिला, दोन्ही भूषणे एकाच मुकुटावरची आहेत. म्हणजे दोन्ही पक्षांचे मोठेपण एकाच ठिकाणाहून आलेले आहे, आणि दुसऱ्याचे भूषण खोटे म्हणणाऱ्याचे स्वतःचेही खोटे ठरते. दुसरा, राजाने निवाडा दिला नाही. दरबारात काव्यसंवाद झाला, पण कोण जिंकले ते कथा सांगत नाही. सांगितले असते तर पुढे वाद उरलाच नसता. तिसरा, मुकुटावरून कलगी आणि तुरा उतरले म्हणजे राजाचा मुकुट उघडा पडला. सत्तेच्या डोक्यावरचे भूषण कवींच्या डफावर आले. ज्यांना दरबारात बसायला जागा नव्हती अशा फिरस्त्या कवींनी ही कथा सांगावी, यात नवल नाही.

चौथा तपशील सर्वांत महत्त्वाचा. मूळपुरुष दोन आहेत : एक गोसावी, एक फकीर. आणि गंमत अशी की शक्तीचा, म्हणजे देवीचा, पक्ष फकिराकडे आहे. धर्माच्या आजच्या चौकटीत पाहिले तर हे कोड्यासारखे वाटेल. खेळाच्या दृष्टीने त्यात कोडे काहीच नाही. मराठी फडांत प्रत्यक्षातही हेच चित्र होते. होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण. पुण्यात होनाजी आणि सगनभाऊ यांच्या फडांची चुरस प्रसिद्ध होती. डफावर थाप पडली की कोणाची जात कोणती यापेक्षा जबाब कोणाचा नेमका, याला महत्त्व येई. शाह अली आणि तुकनगीर झाले असोत वा नसोत, त्यांच्यासारखी माणसे समोरासमोर बसून गात होती. कथेने या वस्तुस्थितीला एक जन्मवेळ मिळवून दिली, एवढेच.

(४)

आता ही रचना पुढे कशी वाढते ते पाहू. मूळकथा एकदा ठरली की भागत नाही. प्रत्येक सामन्यात नवा सवाल येतो आणि प्रत्येक सवालाला आधार लागतो. आधार पुराणांतून काढायचा. पण पुराणे पुष्कळ आहेत आणि त्यांत एकवाक्यता नाही, हीच शाहिराची सोय.

एक उदाहरण आम्ही आमच्या बुद्धीने रचून देतो. कलगीवाला म्हणेल : पार्वतीने आपल्या अंगाच्या मळापासून गणपती घडविला, त्यात शिवाचा हात कोठे होता? ज्याला तुम्ही आरंभी नमन केले तो देवच शक्तीचा. तुरेवाला म्हणेल : घडविला खरा, पण त्याला गजमुख मिळाले ते कोणाकडून? धड तुमचे असेल, पण गजानन हे नाव आमचे. कलगीवाला म्हणेल : शिर तोडणाऱ्याने ते परत दिले, हे दान की दंड? अशा रीतीने एक परिचित कथा दोन्ही बाजूंनी उसवली जाते. तिच्यात पूर्वी कोणी न पाहिलेले सांधे दिसू लागतात, आणि त्या सांध्यांत नवा मजकूर भरला जातो. एका पक्षाने भरलेला मजकूर प्रतिपक्षाने खोडून काढला तरी तो नाहीसा होत नाही, कारण खोडण्यासाठी तो आधी उच्चारावा लागतो. पुढच्या सामन्यात तो गृहीत धरला जातो. दोन्ही पक्ष मिळून एकच वाढती पोथी लिहीत असतात.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक महत्त्वाचा धडा आहे. आपण लेखक एक आणि वाचक अनेक असे मानून चालतो. भेदिक शाहिरीत ऐकणारा हाच पुढच्या वर्षीचा रचणारा असतो. तो फडात आधी झीलकरी म्हणून उभा राहतो, वस्तादाचे बाड पाठ करतो, आणि एके दिवशी प्रतिपक्षाच्या सवालाला वस्तादाच्या बाडात जबाब सापडत नाही तेव्हा स्वतः तो रचतो. श्रोत्यांना तो पटला तर तो परंपरेचा भाग होतो. प्रमाण काय आणि प्रमाण काय नव्हे, याचा निवाडा पीठावर होत नाही. तो मांडवात होतो.

या वादाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिव श्रेष्ठ की शक्ती श्रेष्ठ, हा प्रश्न मराठीत अनुत्तरित नव्हता. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे पहिलेच प्रकरण शिव-शक्तीच्या ऐक्याचे आहे. दोघांपैकी एकाला वेगळे काढताच येत नाही, असा त्याचा रोख. म्हणजे पेशवाईतल्या शाहिरांच्या कितीतरी शतके आधी उत्तर देऊन झाले होते, आणि तेही अशा ग्रंथात की ज्याचा अधिकार कोणी नाकारला नसता. मग वाद का चालू राहिला?

शाहिरांना हे उत्तर ठाऊक नव्हते असे मानणे अवघड आहे. हरिदासांच्या कीर्तनांतून, प्रवचनांतून ते गावोगाव पोहोचलेलेच होते. आमचा तर्क असा की, उत्तर ठाऊक होते म्हणूनच वाद निर्धास्तपणे घालता येत होता. सिद्धान्ताच्या पातळीवर दोघे एक आहेत हे दोन्ही फडांना मान्य. त्या मान्यतेच्या अंगणात ‘आज रात्री मी शक्तीच्या बाजूने बोलतो, तू शिवाच्या बाजूने बोल’ असा करार. ज्या वादाचा खरोखरच निकाल लावायचा असतो तो गाण्यातून घातला जात नाही. कलगी-तुऱ्याचा वाद निकालासाठी नव्हता; तो त्या ऐक्याचा प्रत्येक कोपरा उजेडात आणण्यासाठी होता. ज्याला एका ओवीत ‘दोघे एकच’ असे सांगून मोकळे होता येते, त्याला त्या दोघांविषयी रात्रभर गाण्याइतके सुचत नाही.

(५)

आमच्या परिसरात दोन पक्षांची कथा वेगळ्या वळणाने वाढलेली आहे, आणि तुलनेसाठी ती उपयोगी आहे. सेनगावापासून नर्सी नामदेव फार दूर नाही. तेही कयाधूच्याच काठी आहे. नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने पंजाबातील यात्रेकरूही येथे येतात. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू तेथे भेटले अशी परंपरा आहे.

औंढ्याच्या दोन कथा सर्वश्रुत आहेत. एकीत विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले असतात. नामदेव त्यांचे पाय उचलून जेथे जेथे ठेवू पाहतात, तेथे तेथे पिंड प्रकटते. दुसरीत नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागल्या बाजूला जाण्यास सांगितले जाते आणि देऊळच त्यांच्याकडे फिरते. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथाही या माळेतली. शिवाखेरीज दुसऱ्या देवाचे तोंड न पाहणारा हा सोनार डोळ्यांवर पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचे माप घेतो, आणि हाताला मात्र शिवाच्या खुणा लागतात. महिपतीच्या ‘भक्तविजया’सारख्या (१७६२) चरित्रग्रंथांतून अशा संतकथा घरोघर पोहोचल्या.

याही कथा भक्तांनी रचल्या आणि वाढविल्या. येथेही दोन पक्ष आहेत, शैव आणि वैष्णव. पण येथे कथेचे काम मिटविण्याचे आहे. शेवटी पट्टी सुटते, देऊळ फिरते, पाय कोठेही ठेवले तरी सारखेच ठरतात. कलगी-तुऱ्याची कथा वाद उघडा ठेवते, संतकथा तो बंद करते. दोन्ही ठिकाणी मूळ श्रद्धा एकच : प्रतिपक्ष हा आपल्याच घरचा आहे. एक परंपरा हे मिठी मारून सांगते, दुसरी कुस्ती खेळून.

मात्र संतकथेवर एक संकट येते जे कलगी-तुऱ्यावर सहसा येत नाही. ती गावाला चिकटते. नामदेवांचा जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, असा वाद अभ्यासकांनी घातला आहे, आणि तो पुराव्यानेच चालविला पाहिजे. त्यात गैर काही नाही. अडचण होते ती कथा पुराव्याच्या जागी उभी केली जाते तेव्हा. देऊळ फिरल्याच्या कथेवरून देवळाचे बांधकाम ठरविता येत नाही, आणि बांधकामावरून कथा खोटी पाडून काही साधतही नाही. कथेचा रोख देवळाकडे नाहीच. तो कोणाला समोर बसविले आणि कोणाला मागे पाठविले, याकडे आहे. सामाजिक इतिहासाचा विद्यार्थी तेथे थांबला तर त्याला पुष्कळ मिळेल.

(६)

पक्ष आधी आणि त्यांचा इतिहास मागाहून, हा क्रम आपल्याकडेच आहे असे नाही. कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथांच्या शर्यतींचे निळे आणि हिरवे असे दोन प्रमुख पक्ष होते. इ. स. ५३२ मध्ये या दोन्ही पक्षांनी मिळून सम्राट जस्टिनियनविरुद्ध केलेला उठाव प्रसिद्ध आहे. आधुनिक इतिहासकारांनी पुढे या रंगांना अर्थ दिले : निळे हे एका धर्ममताचे, हिरवे दुसऱ्या; निळे उच्चभ्रू, हिरवे सामान्य. १९७६ साली ॲलन कॅमेरन या अभ्यासकाने या पक्षांवरील आपल्या ग्रंथात ही मांडणी तपासली आणि ती पुराव्याला धरून नाही असे दाखविले. त्याच्या मते ते प्रथमतः शर्यतींचे चाहते होते. तत्त्वासाठी पक्ष निर्माण झाले असावेत ही कल्पनाच अभ्यासकांना इतकी सुखावह वाटली की त्यांनीही चाहत्यांसारखीच पक्षांची पूर्वपीठिका रचली. हे उदाहरण आम्ही मुद्दाम देत आहोत. इतिहास रचण्याचा मोह केवळ शाहिरांना आणि शाळकरी मुलांनाच होतो असे नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या वहीला तर आज जगभर सोबती आहेत. २०१६ च्या जुलैत ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ आला. त्यात खेळणाऱ्याला निळ्या, लाल वा पिवळ्या अशा तीनपैकी एका संघात जावे लागे. संघनायकांच्या आरंभी केवळ छायाकृती दाखविल्या होत्या. कंपनीने त्यांचे चेहरे दाखविण्यापूर्वीच चाहत्यांनी त्यांना स्वभाव दिले होते, परस्परांतील थट्टा दिली होती, हेवेदावे दिले होते. येथेही संघाची निवड बहुधा मित्र कोणत्या संघात आहेत यावरूनच होत असे. वस्ताद ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा शाहीर, तसेच.

दुसरे उदाहरण आम्हांला अधिक बोलके वाटते. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या खेळमालिकेतील ‘डॅगरफॉल’ हा खेळ १९९६ साली आला. त्याचे अनेक शेवट होते. खेळणारा कोणाला साहाय्य करतो त्याप्रमाणे वेगवेगळ्या पक्षाचा जय होई. पुढचा खेळ रचताना अडचण आली : यांतला खरा इतिहास कोणता मानायचा? कर्त्यांनी कोणालाच हरविले नाही. काळाचा प्रवाह क्षणभर फुटला आणि ते सारे शेवट एकाच वेळी घडले, असे २००२ च्या ‘मोरोविंड’ या खेळातील ग्रंथांतून सुचविले गेले. चाहत्यांनी त्यावर भाष्यांवर भाष्ये रचली. चंदेरीच्या राजाने तरी दुसरे काय केले होते? एकाला कलगी, एकाला तुरा, आणि निवाडा नाही. खेळणाऱ्या सर्वांचा मान राखायचा तर कथेला हाच मार्ग उरतो.

साम्य दाखविताना भेदही सांगावयास हवा. खेळ-कंपनीचे जग हे कंपनीच्या मालकीचे असते. उद्या तिने अधिकृत इतिहास बदलला तर चाहत्यांचा इतिहास एका रात्रीत ‘अनधिकृत’ ठरतो. शाहिराच्या माथ्यावर असा मालक नव्हता. पुराणे कोणाच्याही मालकीची नव्हती. फडांना आश्रयदाते होते, पण शिव-शक्तीच्या कथेवर त्यांचा हक्क नव्हता. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत सीमेवरच्या नदीला ‘कयाधू’ म्हटले, ते आम्हांला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. परक्याच्या मालकीच्या जगात त्यांनी आपल्या मालकीचे एक पान घातले होते.

(७)

कलगी-तुरा संपलेला नाही. कोकणात तो ‘शक्ती-तुरा’ या नावाने चालू आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या गावांतून जाखडी नृत्याच्या जोडीने शक्तीवाले आणि तुरेवाले अजून समोरासमोर उभे राहतात, आणि नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या कोकणवासीयांनी हे सामने नाट्यगृहांतही नेले. सामना तत्त्वचर्चेवरून वैयक्तिक टोमण्यांवर घसरतो, ही तक्रार जुनीच आहे. पण टोमणा मारणाराही समोरच्याने जबाब द्यावा म्हणूनच मारतो.

वृत्तपत्री ‘कलगीतुरा’ आणि खरा कलगी-तुरा यांतला फरक नेमका येथे आहे. वृत्तपत्री कलगीतुऱ्यात दुसरा गप्प बसला तर पहिल्याचा जय होतो. फडाच्या कलगी-तुऱ्यात दुसरा गप्प बसला तर रात्र फुकट जाते. प्रतिपक्ष नसेल तर आपला पक्षही उरत नाही, हे दोन्ही फडांना ठाऊक असते, आणि त्यांच्या मूळकथेत ते लिहून ठेवलेले आहे.

म्हणून आम्हांला भीती वाटते ती ही कथा कोणी खोटी ठरवील याची नाही. भीती वाटते ती कोणी तिला खरी मानून तिची दुरुस्ती करील याची. भगवे आणि हिरवे निशाण ही चिन्हे आज फार सहजपणे दुसऱ्याच अर्थाने वाचली जातात. शाह अली आणि तुकनगीर या दोघांपैकी एकाला परका ठरवून दुसऱ्याची परंपरा तेवढी शुद्ध करू पाहणारा कोणी निघाला, तर त्याला कागदोपत्री विरोध करणे अवघड जाईल, कारण कागद दोघांचेही नाहीत. त्याला उत्तर एकच : दरबारात दोघे होते म्हणून कथा झाली. एकट्या तुकनगीराला तुरा देऊन राजाने दरबार बरखास्त केला असता, तर सवाल उरला असता, जबाब उरला नसता, आणि आपल्याकडे हे शेकडो रात्रींचे गाणे आलेच नसते.

वर्गात लोककथा शिकविताना आपण दोन सोप्या वाटा धरतो. एक, ‘असे म्हणतात’ म्हणून कथा सांगायची आणि पुढे जायचे. दोन, तिच्यातील कालविपर्यास दाखवून ती निकालात काढायची. पहिल्या वाटेने विद्यार्थी भोळा होतो, दुसरीने तुच्छतावादी. तिसरी वाट थोडी लांबची आहे. ही कथा कोणी रचली, कोणासमोर सांगितली, आणि ती सांगितल्यामुळे कोण कोणाशेजारी बसू शकले, हे तिला विचारावे. या प्रश्नांची उत्तरे कथाच देते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर बोलावून घेतले. वही खोटी नाही, असे त्याला सांगितले. तिला इतिहास म्हणू नकोस, पण ती फाडूही नकोस. मग त्याला एकच विचारले : या वहीत दुसऱ्या पक्षाचा इतिहास कोणी लिहिला आहे? तो म्हणाला, “आम्हीच.” आम्ही म्हटले, त्या पक्षाकडून खेळणाऱ्या मुलांना वही दे आणि त्यांची पाने त्यांना लिहू दे. तो जरा नाखूष झाला, कारण विश्वासघात कोणी केला हे त्याने आधीच ठरवून टाकले होते. पंधरा दिवसांनी वही परत आली तेव्हा तीत एक विश्वासघात वाढला होता, आणि तो त्याच्या पक्षाने केलेला होता. तो जबाब लिहायला बसला आहे.